बसवकल्याणनं दाखवलेली आपली किंमत

जरा नकाशा बघा. १९५६ साली हैदराबाद राज्य मोडलं आणि बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबाद आंध्रात, आपण म्हैसूरात.

आज बीदर लोकसभेत ८ विधानसभा मतदारसंघ. त्यातले आळंद, चिंचोळी तर कलबुर्गी जिल्ह्यातले. एवढ्या पसाऱ्यात औराद-भालकीची मराठी मतं विरघळून जातात. २०१४ आणि २०१९ ला भाजपचे भगवंत खुबा, २०२४ ला काँग्रेसचे सागर खंड्रे. आपल्या शाळेचा प्रश्न कुणाच्याच प्रचारात वर आलेला मला तरी दिसला नाही.

एका विधानसभेत मात्र हिशेब वेगळा. बसवकल्याणची पोटनिवडणूक तोंडावर होती आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मराठा विकास महामंडळ जाहीर झालं, ५० कोटींसकट! एप्रिल २०२१ च्या मतदानात तिथं भाजप जिंकला. माझा राग महामंडळावर नाही. पण ते जातीच्या नावानं आलं, भाषेच्या नाही. मग घरात मराठी बोलणारा लिंगायत, दलित, मुसलमान कुठं जाणार? पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की त्यानं जातीचा हिशेब मांडायच्या आत आपणच विचारूया: साहेब, मराठी शाळेला गुरुजी कधी देताय? तारीख सांगा.