हे कुणी ऐकलं?

गेल्या वर्षी याच सदरात मराठी शाळेतल्या मुलांच्या जोडाक्षरांबद्दल लिहिलं होतं. या खेपेला गोष्ट शिकवण्याची नाही, शिकण्याची आहे.

लेक आठवीत. गेल्या हिवाळ्यात तिने शाळेतून ‘नॅशनल हिस्ट्री डे’साठी विषय घेतला डॉ. आनंदीबाई जोशी. मी हरखलेच. जेवताना, गाडीत, केस विंचरताना मी तिला आनंदीबाई सांगत सुटले. गोपाळराव काय म्हणाले, त्यावर आनंदी काय म्हणाली, सगळं मला तोंडपाठ. लेकीने ते संवाद वहीत उतरवून घेतले.

या स्पर्धेत नुसता प्रकल्प चालत नाही, सोबत टिपांसह संदर्भसूची लागते. सूचीचे दोन भाग: प्राथमिक साधनं आणि दुय्यम साधनं. प्रत्येक भागात नोंदी आडनावाच्या अक्षरक्रमाने. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरांत. नोंदीची पहिली ओळ समासाला चिकटलेली आणि पुढच्या ओळी अर्धा इंच आत, म्हणजे आडनाव खुंटीसारखं बाहेर येतं आणि शोधणाऱ्याला चटकन सापडतं. नोंदीखाली दोन-तीन वाक्यांची टीप: हे साधन काय आहे आणि मी त्याचा काय उपयोग केला.

आमची पहिली अडचण स्पेलिंगची. तिथल्या कागदपत्रांत आनंदीबाईंच्या ‘जोशी’च्या शेवटी दोन ‘ई’ आहेत. मी लगेच ‘आय’ करायला निघाले. लेक म्हणाली, “आई, तिने जसं लिहिलं तसंच ठेवायचं. आपण बदललं तर कुणाला ते सापडणार कसं?” बरोबरच होतं.

मग प्राथमिक साधनं. कॉलेजात प्रवेश मागणारं १८८३ सालचं पत्र आणि १८८५ सालचा तो फोटो. त्यात आनंदीबाईंबरोबर जपान आणि सीरियातून आलेल्या दोन विद्यार्थिनी आहेत. दुय्यम भागात कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली, म्हणजे आनंदीबाई गेल्याच्या पुढच्या वर्षी, प्रसिद्ध केलेलं चरित्र.

“आणि तू सांगितलेले डायलॉग्ज?” तिने विचारलं.

“ते ‘आनंदी गोपाळ’मधले. श्री. ज. जोशी. १९६८.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण खोलीत ते दोघंच होते ना? हे कुणी ऐकलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती कादंबरी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी मराठीत एम.ए. केलंय, वर्गात ‘चरित्र आणि चरित्रात्मक कादंबरी’ हा फरक फळ्यावर लिहून शिकवलाय. पण शाळकरी वयात वाचलेलं इतकं आत मुरलं होतं की सांगताना मी ‘असं झालं’ म्हणत होते, ‘असं लेखकाने लिहिलंय’ म्हणत नव्हते.

मग तिने पुढचा प्रश्न टाकला. “तुझ्या एम.ए.ला पण लिस्ट होती? तू कशी केलीस?”

मैत्रिणींनो, इथे थाप मारता आली असती. पण नाही मारली. माझ्या प्रबंधिकेच्या संदर्भसूचीत तीन पुस्तकं अशी आहेत जी मी कधी उघडलीच नाहीत. दुसऱ्या कुणाच्या सूचीतून उतरवून घेतली, यादी भरगच्च दिसावी म्हणून. बाकी तिघी-चौघी तेच करायच्या. कुणी विचारलं नाही, मार्कही मिळाले.

“टीप लिहावी लागली असती तर काय लिहिलं असतंस?”

तेच तर. नुसत्या यादीत न वाचलेलं पुस्तक खपून जातं. त्याच्याखाली ‘मला याचा असा उपयोग झाला’ हे वाक्य लिहायला घेतलं की पेन अडतं. इतकी वर्षं मला या टिपा म्हणजे मुलांना उगाच वाढवलेलं काम वाटायचं.

कादंबरी सूचीतून काढायची का, यावर आमचं बरंच झालं. शेवटी दुय्यम भागात ठेवली. टीप तिने स्वतः इंग्रजीत लिहिली. मराठीत तिचा अर्थ असा: ही कादंबरी आहे, यातले संवाद लेखकाच्या कल्पनेतले आहेत, म्हणून मी यातून एकही घटना घेतलेली नाही. पण माझ्या आईला आनंदीबाई या पुस्तकातून भेटल्या आणि मला आईकडून.

वहीतले संवादही तिनेच खोडले. मला वाईट वाटेल म्हणून हळूच, माझी पाठ असताना.

स्पर्धेत पुढे काय झालं ते महत्त्वाचं नाही. या दिवाळीला भावाने फराळाचं खोकं पाठवायचं विचारलं, तेव्हा चकल्या थोड्या कमी कर म्हटलं आणि त्या तिघांतलं एक पुस्तक त्यात घालायला सांगितलं. सध्या रात्री भांडी आवरली की वाचते आहे. अजून दोन राहिलीत.