रिकाम्या खुर्च्यांची मोजदाद

जून २०२४ मधल्या शेवटच्या शुक्रवारी टाटा समाजविज्ञान संस्थेतील, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘टिस’मधील, ५५ अध्यापकांना आणि सुमारे ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना पत्रे मिळाली. ३० जूनला तुमचा करार संपतो आहे आणि तो पुढे वाढवला जाणार नाही, असा त्यांचा मथितार्थ होता. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या माणसांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी काहींची सेवा दहा वर्षांहून अधिक झालेली होती. टाटा एज्युकेशन ट्रस्टकडून मिळणारे अनुदान पुढे मिळेल की नाही, हा प्रश्न होता. शनिवारी या बातमीचा देशभर बोभाटा झाला, शिक्षक आणि विद्यार्थी बोलू लागले आणि रविवारी संस्थेने ती पत्रे मागे घेतली. ट्रस्टने पैशांची हमी दिली, असे सांगण्यात आले.

करारावरची माणसे करारावरच राहिली, हे खरे. तरीही दोन दिवसांत निर्णय फिरला, ही गोष्ट विद्यापीठीय जगात विरळाच म्हणावी लागेल. तो का फिरला, याचा विचार केला तर एक साधे उत्तर हाती लागते. त्या कपातीला कागद होता, तारीख होती आणि आकडा होता. ११५ माणसे एकाच दिवशी जाणार, हे वाक्य कोणालाही समजते. वर्तमानपत्राला त्याचा मथळा करता येतो, संघटनेला सभा बोलावता येते आणि व्यवस्थापनाला उत्तर द्यावे लागते.

आता आपल्या राज्यातल्या विद्यापीठांकडे आणि अनुदानित महाविद्यालयांकडे पाहू. येथे असा शुक्रवार कधीच उगवत नाही. कोणालाही पत्र मिळत नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ दिले जाते, प्राचार्य दोन शब्द बोलतात, चहा-बटाटेवडे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून ती जागा रिकामी असते. ती भरायला परवानगी नसते. वर्षभराने तिची सवय होते आणि पाच वर्षांनी त्या जागेवर कोणी बसत होते हेही नव्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. मी ज्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले तेथे मी लागलो तेव्हा आमच्या विभागात पाच पूर्णवेळ माणसे होती. मी निवृत्त झालो तेव्हा दोन उरली. या तीन दशकांत आमच्यापैकी एकालाही कोणी काढले नाही. मग तीन जागा गेल्या कुठे? त्या कापल्या गेल्या, एवढेच त्याचे उत्तर आहे. फक्त कापताना आवाज झाला नाही.

याचा सरकारी आलेखही पाहण्यासारखा आहे. २०१७ मध्ये वित्त विभागाने नव्या आकृतीबंधाचे, म्हणजे कोणत्या कामाला किती माणसे हवीत या फेरआखणीचे, कारण देऊन भरती रोखली. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्राध्यापकांच्या दीर्घ आंदोलनानंतर ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी मिळाली. ती भरती पुरी होण्याआधीच करोना आला आणि मे २०२० मध्ये पुन्हा बंदी घातली गेली. उरलेल्या २,०८८ जागांना नव्याने हिरवा कंदील मिळाला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. म्हणजे एकदा मंजूर झालेल्या जागा पुन्हा मंजूर करून घेण्यातच वर्षे गेली. दरम्यान माणसे निवृत्त होतच होती. निवृत्तीला कोणतीही बंदी लागू होत नाही.

रिकाम्या जागेचे काम मात्र रिकामे राहत नाही. ते तासिका तत्त्वावरचा शिक्षक करतो. तोही नेट किंवा सेट उत्तीर्ण असतो, बहुधा पीएच.डी. असतो, तोच अभ्यासक्रम शिकवतो आणि तपासायला त्याच्याकडेही तोच गठ्ठा येतो. पण त्याला पैसे तासाचे मिळतात. सुट्टीचे, आजारपणाचे मिळत नाहीत आणि जे मिळतात तेही महिनोन्‌महिने सहसंचालक कार्यालयात अडकतात. दर जूनमध्ये तो नव्याने अर्ज करतो, नव्याने मुलाखत देतो. ‘टिस’च्या ११५ जणांना जी भीती एका शुक्रवारी वाटली, ती हा माणूस दरवर्षी अनुभवतो. त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही, कारण त्याची नोकरी जाणे ही बातमीच नसते. ती वर्षअखेरीस आपोआप संपते.

येथे ब्रिटनकडे एक नजर टाकायला हवी. आपल्या पुण्या-नाशिकची, नागपूर-कोल्हापूरची मुले बँकेचे कर्ज काढून ज्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणाला जातात, त्यांच्या शुल्कावर तिथल्या अनेक विद्यापीठांचा संसार चालतो. इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्यांचे शुल्क २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठले होते. ते २०२५ मध्ये जेमतेम ९,५३५ झाले. तूट भरून काढायला परदेशी विद्यार्थी हवे होते आणि जानेवारी २०२४ पासून बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंबीय बरोबर आणण्याची मुभा सरकारनेच काढून घेतली. परदेशी प्रवेश घटले. जमाखर्च कोसळला आणि ‘पुनर्रचना’ हा शब्द विद्यापीठाविद्यापीठांतून ऐकू येऊ लागला.

२८ जानेवारी २०२५ रोजी वेल्समधील कार्डिफ विद्यापीठाने ४०० पूर्णवेळ पदे कमी करण्याचा प्रस्ताव जाहीर केला. परिचर्या, संगीत, आधुनिक भाषा, प्राचीन इतिहास, धर्मशास्त्र यांवर गदा येणार होती. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाने तर मार्चमध्ये ३.५ कोटी पौंडांच्या तुटीपोटी ६३२ पदे, म्हणजे साधारण पाचातले एक, जातील असे सांगितले. दोन्ही ठिकाणी ‘युनिव्हर्सिटी अँड कॉलेज युनियन’ उभी राहिली. कार्डिफमध्ये संपाच्या आणि उत्तरपत्रिका न तपासण्याच्या निर्णयापर्यंत मजल गेली. मे महिन्यात विद्यापीठाने २०२५ च्या अखेरपर्यंत कोणालाही सक्तीने काढणार नाही, असे मान्य केले आणि संप टळला. परिचर्येचा विभाग वाचला. संगीत आणि भाषा आकसून का होईना, टिकल्या. प्राचीन इतिहास आणि धर्मशास्त्र गेले. डंडीत ६३२ चा आकडा खाली आला, जूनमध्ये चौकशी अहवालाने कारभाऱ्यांवर ठपका ठेवला, प्रभारी प्रमुखांना पायउतार व्हावे लागले आणि स्कॉटिश सरकारने ४ कोटी पौंड देऊ केले. हा काही निर्भेळ विजय नव्हे. शेकडो माणसांनी ‘स्वेच्छेने’ नोकरी सोडली. त्या स्वेच्छेत इच्छा किती होती, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. पण लढाई झाली, आणि तिने आकडे बदलले.

ती लढता आली याचे एक कारण तिथल्या कायद्यात आहे. ब्रिटनच्या १९९२ च्या कामगार कायद्याप्रमाणे एका आस्थापनेतून नव्वद दिवसांत शंभर किंवा अधिक माणसे कमी करायची असतील, तर मालकाला किमान ४५ दिवस आधी संघटनेशी विचारविनिमय सुरू करावा लागतो. कारणे, संख्या आणि निवडीची पद्धत लेखी द्यावी लागते. हा कायदा नोकरी वाचवत नाही. तो फक्त मालकाला आकडा उघड करायला लावतो. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

आपल्याकडे कायद्याने वेगळीच गंमत करून ठेवली आहे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रसिद्ध खटल्यात शिक्षणसंस्था हाही ‘उद्योग’ मानला. १९८८ मध्ये गोव्यातून आलेल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘कामगार’ नाही, असा निर्वाळा दिला. थोडक्यात, संस्था कारखाना, तिथला कारकून कामगार आणि वर्गात शिकवणारा मात्र दोन्हींपैकी काहीच नाही! संघटनांमधली फूट केवळ यामुळे पडली असे मी म्हणणार नाही. त्याला आपली जातिवंत प्रतिष्ठेची कल्पनाही कारणीभूत आहे. परंतु परिणाम एकच झाला. प्राध्यापकांचे आंदोलन वेगळे आणि शिक्षकेतरांचे वेगळे. शिक्षकेतर कर्मचारी आश्वासित प्रगती योजनेसाठी आणि रिक्त पदांसाठी काळ्या फिती लावतात, लेखणी बंद करतात, फेब्रुवारी २०२३ मध्ये तर बेमुदत संपावर गेले. तेव्हा किती प्राध्यापक त्यांच्या द्वारसभेला उभे होते? आणि प्राध्यापकांच्या धरण्यात किती लिपिक, किती प्रयोगशाळा परिचर दिसतात? तासिका तत्त्वावरचे शिक्षक तर दोघांच्याही मांडवाबाहेर. स्वतः संघटनेत उमेदीची वर्षे घालवलेला माणूस म्हणून मी हे लिहितो आहे. संघटनेचा द्वेष्टा म्हणून नव्हे.

यावर नेहमीचा आक्षेप येईल की, आता संगणक आले, मग एवढी माणसे हवीत कशाला? त्याचे उत्तर मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दिले आहे. संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याचा निर्णय घाईघाईने सर्व शाखांना लागू झाला. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, किती तरी मुलांचे पुढचे प्रवेश धोक्यात आले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. तो गाडा अखेर कोणी ओढला? महाविद्यालयांतले तास बंद ठेवून तपासणी केंद्रांत बसवलेल्या शिक्षकांनी आणि रात्री उशिरापर्यंत थांबलेल्या परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्यांनी. यंत्र कामाचा वेग वाढवते, हे कोण नाकारील? पण हरवलेली पुरवणी कुठल्या गठ्ठ्यात असेल, हे वीस वर्षे परीक्षा विभागात काढलेल्या कारकुनालाच ठाऊक असते. त्याची जागा रिकामी राहिली की ते ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. लोक म्हणतात, प्राध्यापकांना काय कमी आहे? लठ्ठ पगार घेऊन वर संप करतात! हा राग कुठून आला, हे समजून घ्यायला हवे. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात राज्यातल्या प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. मागण्या न्याय्य होत्या, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी खरोखरच अडली होती. पण हत्यार पडले विद्यार्थ्यांवर. उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले, ७१ दिवसांचे वेतन सरकारने रोखून धरले आणि पालकांच्या मनात कायमची अढी बसली. कार्डिफकरांनीही उत्तरपत्रिका रोखण्याचा इशारा दिला होता. पण त्यांच्या मागणीत विद्यार्थ्याचा स्वतःचा विभाग होता. परिचर्येचा विभाग बंद झाला तर उद्या रुग्णालयात परिचारिका कुठून येणार, हा प्रश्न तिथल्या सामान्य माणसाला आपला वाटला. थकबाकीचा प्रश्न आपल्या पालकाला आपला कसा वाटावा?

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, संघटनांनी आता वेतनाच्या मागणीपत्रातले सातवे-आठवे कलम असलेला रिक्त पदांचा प्रश्न उचलून पहिल्या क्रमांकावर आणावा. त्यासाठी आधी मोजदाद हवी. प्रत्येक महाविद्यालयात, प्रत्येक विद्यापीठ विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी केव्हापासून, त्या जागेचे तास कोण घेतो आणि त्याला महिन्याकाठी किती मिळतात, याचा एक तक्ता संघटनेने करावा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. हा तक्ता दर जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, महाविद्यालयाच्या दारावर लावावा. आपल्या मुलीला ज्या विभागात घालायचे तिथे पाचपैकी तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, हे पालकाने शुल्क भरण्याआधी वाचावे. प्राध्यापक, शिक्षकेतर आणि तासिकावाले यांच्या सह्या त्या एकाच कागदावर असाव्यात.

एवढ्याने सरकार हलेल का? लगेच हलणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. वित्त विभाग तिजोरीकडे बोट दाखवील आणि तिजोरीची अडचण सर्वस्वी खोटी असते असेही नाही. परंतु पैसा कमी असेल तर कोणता विभाग चालवायचा आणि कोणता बंद करायचा, हे सरकारने लोकांसमोर येऊन सांगावे, विधिमंडळात सांगावे आणि त्याची जबाबदारी घ्यावी. कार्डिफच्या कुलगुरूंना ती घ्यावी लागली. आपल्याकडे निवृत्तीचे वय हेच धोरण होऊन बसले आहे. ज्या विभागातली माणसे आधी म्हातारी झाली तो विभाग आधी मेला. मग तो इतिहासाचा असो, संख्याशास्त्राचा असो की मराठीचा.

‘टिस’मध्ये ११५ नावांची यादी होती म्हणून देशाने दोन दिवस तिची दखल घेतली. आपल्या रिकाम्या खुर्च्यांची यादी कोणाजवळच एकत्र नाही. ती करायला संप लागत नाही, परीक्षेवर बहिष्कार लागत नाही, मंत्र्यांची वेळही लागत नाही. येत्या जूनपर्यंत प्रत्येक महाविद्यालयातल्या चार-दोन माणसांनी मनावर घेतले, तर ती तयार होऊ शकते.