चार ते आठची पाळी

आमच्या शेजारणीचा मुलगा नुकताच सुट्टीवर येऊन गेला. नौदलात अग्निवीर आहे. तो आल्यापासून तिची एकच तक्रार, "अक्का, ह्यो झोपतच नाही बघा. पहाटे साडेतीनला उठून अंधारात खुर्चीवर बसतोय."

मी त्याला विचारलं, तर हसला. "मावशी, चार ते आठची पाळी अंगात बसलीय."

जहाजावर दिवस-रात्र नसते, पाळ्या असतात. चार-चार तासांच्या. संध्याकाळच्या चार ते आठचे मात्र मुद्दाम दोन तुकडे करतात, दोन-दोन तासांचे. त्यामुळे चोवीस तासांत सहाऐवजी सात पाळ्या होतात आणि आज मध्यरात्री जागलेल्याला उद्या पुन्हा तीच वेळ येत नाही. युक्ती चांगली, पण झोप रोज वेगळ्या वेळी घ्यायची! तीही एकावर एक तीन बिछान्यांपैकी एकात, डोक्याजवळून यंत्राचा आवाज येत असताना.

आपल्याकडे फौज म्हटली की मराठा लाइट इन्फंट्री. बेळगावात तिचं केंद्रच आहे. सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण, तेही माहितीचं. समुद्र तेवढा अनोळखी. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, ओडिशात चिल्का सरोवराकाठच्या आयएनएस चिल्कावर मुलं-मुली शिकायला गेली आणि २८ मार्च २०२३ रोजी पहिली तुकडी बाहेर पडली. आमचा हा नंतरच्या तुकडीतला. आईला वाटलं, कारवारला २००५ पासून नौदलाचा मोठा तळ आहे, तिथंच मिळेल, रविवारी डबा घेऊन जाता येईल. मिळालं जहाज, आणि जहाज काय, धाडतील तिकडं जातं.

पहिले आठ दिवस त्याला बोट लागली. पोट रिकामं ठेवलं की जास्तच ढवळतं, म्हणून कोरडी बिस्किटं चावायची आणि डेकवर गेलं की क्षितिजाकडं बघत राहायचं. समुद्राचं पाणी गोडं करून वापरतात, तेही मोजून. अंग भिजवून नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. याचं त्याला काहीच वाटलं नाही. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येतंय कुठं?

मेसमध्ये धारवाडकडचा एक मुलगा भेटला. दोघं कन्नड-मराठीची खिचडी बोलतात आणि पार्सलमधला कुंदा वाटून खातात. बाकीच्यांच्या लेखी दोघंही नुसते 'बेळगाववाले'. धारवाडच्याला याचा राग येतो म्हणे.

नोकरी चार वर्षांची. त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम करतात. स्थळं सांगायला येणारे आत्ताच विचारतात, "पर्मनंट आहे का?" आई गप्प बसते.

पण खरी गोष्ट वेगळीच. दिवाळीआधी त्याच्या वडिलांना छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवावं लागलं. मुलगा समुद्रात. कळवायचं का, असं शेजारणीनं मला विचारलं आणि मीच म्हटलं, "कशाला उगीच घोर लावतेस? त्याला थोडंच येता येणार आहे?" महिन्यानं मावसभावाच्या तोंडून त्याला कळलं. सुट्टीत आल्यावर दोन दिवस तो आईशी नीट बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या कट्ट्यावर येऊन बसला. रागावला नव्हता. म्हणाला, "मावशी, आमच्यावर एक अधिकारी नेमलेला असतो, घरच्या अडचणी त्यालाच सांगायच्या. निरोप जहाजापर्यंत पोचतोय. सुट्टी मिळाली नसती कदाचित. पण आता आई फोनवर 'सगळं बरं आहे' म्हणाली की मला झोप येत नाही. खरंच बरं आहे का लपवलंय, कसं कळायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. सल्ला माझा होता हे मी त्याला सांगितलं. "ठाऊक आहे," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

परवा त्याचा फोन आला तेव्हा मी शेजारणीकडंच होते. जहाज कुठं आहे हे तो सांगत नाही, तीही आता विचारत नाही. ती सांगत होती : बाबांची एक गोळी बदलली, अज्जीचा गुडघा सुजलाय, गॅस महाग झाला, माडीवर पाणी गळतंय. वाटलं, किती रडगाणं हे! पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, "होय की. अजून काय?"

ती पुन्हा गोळीचं नाव वाचायला चष्मा शोधू लागली.