मोजले, पण पुढे काय?

नगर तालुक्यातील हिवरे बाजारमध्ये पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, पिण्यासाठी किती पाणी लागेल, जनावरांसाठी किती आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक निघेल, याचा हिशेब होतो. पाऊस कमी असेल तर पिकांना हात आखडता घ्यायचा, हे ग्रामसभेत ठरते. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने केलेल्या कामाचे श्रेय बहुतेक जण चर, बांध आणि झाडांना देतात. ते योग्यच आहे. पण त्या ताळेबंदात आरोग्याचाही एक धडा दडलेला आहे. गाव नुसते मोजत नाही. मोजल्यावर काय बदलायचे ते ठरवते.

घरोघरी नेमके याच्या उलटे घडते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता शहरातच नाही, तालुक्याच्या औषध दुकानातही मिळते. मनगटावरचे घड्याळ पावले मोजते, झोप मोजते. वही भरते, मोबाइलमध्ये आलेख चढतात-उतरतात. पण १५० असलेला वरचा आकडा पाहून माणूस वही मिटतो आणि जेवताना पापड-लोणचे पुन्हा ताटात येते. मोजल्याचे समाधान मिळते, सवय तीच राहते.

संशोधनही हेच सांगते. घरी स्वतः रक्तदाब मोजण्याविषयीच्या २५ चाचण्यांतील माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१७मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते घरी मोजल्याने रक्तदाबात फारसा फरक पडला नाही. मात्र, मोजण्याच्या जोडीला औषधांत बदल, शिक्षण आणि डॉक्टर, परिचारिका किंवा औषधतज्ज्ञ यांचा सततचा आधार मिळाला, तिथे वरचा रक्तदाब सरासरी सहा अंकांनी उतरला. अमेरिकेत २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वजन कमी करण्याविषयीच्या एका अभ्यासात जवळपास १,७०० जण होते. रोज खाण्याची नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट घटले. पण या सर्वांना नियमित गटबैठकांचीही जोड होती, हे विसरून चालणार नाही.

म्हणून रोज रात्री स्वतःला विचारायचे प्रश्न कसे असावेत, याला महत्त्व आहे. ‘आज साखर किती होती?’ हा प्रश्न डॉक्टरांसाठी आवश्यक आहे. पण आज आलेला आकडा काही रात्रीत बदलता येत नाही. ‘रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटे चालण्याचा प्रयत्न केला का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र माणसाच्या हातात असते. अमेरिकी व्यवस्थापन प्रशिक्षक मार्शल गोल्डस्मिथ यांनी रोजच्या प्रश्नांचा हाच आग्रह धरला. काय झाले यापेक्षा आपण प्रयत्न केला का, हे विचारावे, असे ते सांगतात. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, हे प्रश्न रोज रात्री फोनवर विचारण्यासाठी त्यांनी एका व्यक्तीला पैसे देऊन नेमले होते. दुसऱ्यांना शिस्त शिकवणाऱ्यालाही दुसऱ्याचा आधार लागला.

तीन प्रश्न पुरेत. गोळी वेळेवर घेतली का? चालणे झाले का? वरून मीठ घेणे टाळले का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. दहा-बारा प्रश्नांची यादी चार दिवसांत गुंडाळली जाते. आठवड्यातून एकदा पान उलटून पाहावे आणि सगळ्यात जास्त ‘नाही’ कुठे आहेत ते शोधावे. सावेडीतल्या एखाद्या दुकानदाराचे चालणे रोज चुकत असेल, तर दोष इच्छाशक्तीचा नसेल. दुकानच रात्री दहाला बंद होत असेल. मग चालण्याची वेळ सकाळची करायला हवी. हीच त्या वहीची ग्रामसभा.

एखादा दिवस चुकला म्हणून वही फेकून देण्याचे कारण नाही. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. कुणाला १८ दिवसांतच जमले, तर कुणाला आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल, असा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. ‘२१ दिवसांत सवय’ हे वाक्य जाहिरातीत शोभते, माणसांना मात्र उगाच अपराधी बनवते.

मोजण्याचा अतिरेकही वाईटच. घड्याळातले झोपेचे गुण वाढावेत या ध्यासाने झोप उडालेल्या रुग्णांविषयी डॉक्टरांनी २०१७मध्ये लिहिले आहे. आकडा पाहून छातीत धडधड होत असेल, किंवा खाण्याची नोंद ठेवता ठेवता खाण्याचीच भीती वाटू लागली असेल, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलणे हाच शहाणपणा.

उरतो प्रश्न आधाराचा. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच महिलांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांतल्या अनेकींना सुरुवातीला लिहिता-वाचताही येत नव्हते. तरी त्या प्रभावी ठरल्या, कारण त्या शेजारच्या होत्या, पुन्हा पुन्हा दारात येत होत्या आणि विचारत होत्या.

मधुमेह आणि रक्तदाब हे वर्षानुवर्षे सोबत राहणारे आजार आहेत. त्यांच्यासाठी यंत्रे वाटली जातात, शिबिरांत तपासण्या होतात, आकडे कागदावर लिहून दिले जातात. त्यानंतरच्या मंगळवारी ‘गोळी घेतली का?’ असे विचारणारे कुणी नसते. सरकारी योजना असो वा घर, खर्च आणि कष्ट आता तिथे व्हायला हवेत. ज्या आजोबांना वही लिहिता येत नाही, त्यांना रोज रात्री नातीने ते तीन प्रश्न विचारले तरी चालेल. फक्त ‘नाही’ हे उत्तर आल्यावर रागावू नये. उद्या काय बदलू या, एवढेच विचारावे.