मुक्या जीवांची फिर्याद कोण मांडणार?



समुद्रात तेल सांडले, रसायने पाण्यात गेली, मासे व पाखरे मेली, की आपल्या वस्त्यांत दोन उद्गार हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, "नशिबाचा खेळ!" दुसरा म्हणतो, "पाखरांचे काय घेऊन बसलात? आधी माणसांचे पाहा!" पहिला उद्गार अज्ञानाचा आहे, दुसरा गांजलेल्या माणसाचा आहे. परंतु दोन्हींचा लाभ एकालाच मिळतो. ज्याने विष सांडले तो नामानिराळा राहतो.

पहिल्या उद्गाराचा समाचार प्रथम घेऊ. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' व 'खलिजिया-३' या मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' कलंडले आणि त्यातील सुमारे ८०० टन इंधन तेल समुद्रात गेले. त्यावर बाराशेहून अधिक पोलादी पेट्या होत्या. त्यांपैकी ३१ पेट्यांत कीटकनाशके व अन्य घातक रसायने होती. कित्येक पेट्या पाण्यात पडून वाहू लागल्या. यात नशिबाचा हात कोठे दिसतो? जहाजे माणसांनी चालविली, माल माणसांनी भरला, नफाही माणसांनीच घेतला. कारणावाचून कार्य घडत नाही, ही आपली शिकवण आहे. ती आपण विहारात ऐकावी आणि समुद्रकाठी विसरावी काय?

ते तेल घारापुरी, उरण व अलिबागकडील तिवरांत शिरले. तेथे तेल काय करते ते नीट समजून घ्या. तिवराची मुळे चिखलातून वर डोके काढून हवा घेतात. त्यांवर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरते. निवटीसारखा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, त्याचीही तीच गत होते. खेकड्याच्या बिळात उतरलेले तेल वर्षानुवर्षे तेथे राहू शकते. पाखराच्या पिसांना तेल लागले की पिसांत पाणी शिरते, अंगातील ऊब जाते, आणि चोचीने पिसे साफ करताना ते विष पोटात जाते. परळ-लालबागच्या पूर्वेस, शिवडीच्या चिखलात, दर हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते चिखलपाणी चोचीने गाळून त्यातील शेवाळ व सूक्ष्म जीव खातात. खाडीत जे सांडेल ते त्यांच्या घासात येणार, हे सांगावयास पंडिताची गरज नाही.

आता दुसरा उद्गार. त्यामागील वेदना आम्ही जाणतो. मुंग्यांना साखर आणि गाईला घास घालणाऱ्या समाजाने महाडच्या चवदार तळ्यावर गुरांना पाणी पिऊ दिले आणि आपल्या पूर्वजांना अडविले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा कोठे ती कोंडी फुटली. असल्या भूतदयेचा आपणांस वीट आला असेल तर नवल नाही. पण खोट्या दयेचा वीट आला म्हणून खऱ्या करुणेला निरोप द्यावयाचा काय? त्या दयेत पुण्याचा लोभ होता, न्याय नव्हता. आपली करुणा हिशेब मागणारी असली पाहिजे. पाणी सर्वांचे, हा महाडचा सिद्धांत आहे. मग ते नासविण्याचा मक्ता कोणा एकाचा कसा?

शिवाय येथे माणूस आणि मासा यांची ताटातूट करताच येत नाही. २०१० च्या त्या ऑगस्टमध्ये भीतीने गिऱ्हाईक मासळीपासून दूर झाले. फटका कोणास बसला? खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्यांस आणि डोक्यावर पाटी घेऊन फिरणाऱ्या बाईस! जो मासा मुकाट्याने मरतो, तोच गरिबाच्या ताटाचा पहिला साक्षीदार असतो.

आणि फिर्याद मांडली तर ती ऐकली जाते. ४ ऑगस्ट २०११ रोजी 'राक' हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले. त्याचे तेल जुहूच्या किनाऱ्यावर आले. एका मुंबईकर नागरिकाने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांस १०० कोटी रुपये आणि कोळशाच्या मालकास ५ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. लवादाच्या २०१० च्या कायद्यात जनावरांच्या व जलचरांच्या हानीबद्दलही भरपाई मागता येते, परंतु अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो. संविधानाच्या ५१क कलमाने तर प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्यच ठरविले आहे. पंचशीलातील पहिले शील याहून वेगळे काय सांगते?

तेव्हा नवदीक्षित कुटुंबांनो, किनाऱ्यावर काळे तेल दिसले, खाडीत मेलेले मासे तरंगले, तर हळहळून घरी परतू नका. दिवस, वेळ व ठिकाण लिहा, छायाचित्र घ्या, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच मागून घ्या. मंडळ हलले नाही तर पुण्यातील लवादाच्या पीठाकडे जा. रोहित पक्ष्याला अर्ज लिहिता येत नाही. तुम्ही शिकलात, तुमच्या हाती लेखणी आली आहे. ती चालवा!