लहजा ऐकून घर नाकारणारे

‘तुम्ही मराठी किती छान बोलता!’ महाराष्ट्रातल्या मुसलमानाला हे कौतुक नवीन नाही. सांगणाऱ्याच्या मनात बहुधा काही वाईट नसतं. पण त्यामागे एक गृहीतक असतं: मुसलमानाची मराठी ही ऐकताक्षणी ओळखू यावी अशी, जरा बिघडलेलीच असणार. नाव कळेपर्यंत जे मराठी साधंसरळ वाटत होतं, ते नाव कळल्यावर ‘छान’ होतं. उलटही घडतं. फोनवर नाव सांगायच्या आधीच एखाद्या शब्दाच्या उच्चाराने माणूस ‘ओळखला’ जातो.

अशा ओळखण्याची किंमत किती असते, हे अमेरिकेत मोजून पाहिलं गेलं आहे. थॉमस पर्नेल, विल्यम इडसार्डी आणि जॉन बॉ या भाषावैज्ञानिकांनी 1999 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बॉ यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या घरमालकांना भाड्याच्या घरासाठी फोन केले. माणूस एकच, लहजे तीन: प्रमाण इंग्रजी, आफ्रिकी-अमेरिकी आणि मेक्सिकन-अमेरिकी. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या भागात प्रमाण लहजाला घर पाहायला या असं सहज सांगितलं गेलं; बाकी दोन लहजांना कितीतरी कमी वेळा. मग श्रोत्यांना फक्त ‘हॅलो’ ऐकवलं. एवढ्याशा शब्दावरून सत्तर टक्क्यांहून अधिक वेळा लहजा बरोबर ओळखला गेला. मुंबई-पुण्यात भाड्याचं घर शोधलेल्या मुसलमान वाचकाला यापुढचं समजावून सांगायची गरज नाही.

हा अभ्यास एकट्या व्याकरणकाराला जमला नसता. ‘हॅलो’तल्या ध्वनिलहरी मोजायला भौतिकशास्त्र लागलं, ऐकणाऱ्याचा कान समजून घ्यायला मानसशास्त्र, आणि नकाराचा अर्थ लावायला समाजशास्त्र व कायदा. भाषेची ध्वनिव्यवस्था डोक्यात कशी रचलेली असते हे सांगणारे आणि प्रयोगशाळेत प्रत्यक्ष उच्चार मोजणारे, हे दोन गट बराच काळ वेगवेगळे काम करत होते. 1987 साली ओहायो स्टेट विद्यापीठात ते एका परिषदेत एकत्र बसले. तिथून ‘प्रयोगशालेय ध्वनिविचारा’ची परंपरा उभी राहिली.

विद्यांची अशी सांगड आपल्याला परकी नाही. आठव्या शतकात बसऱ्यात खलील इब्न अहमद यांनी अरबी कोश रचायला घेतला, तेव्हा अक्षरं नेहमीच्या क्रमाने न लावता घशापासून ओठांपर्यंत लावली. आपली वर्णमालाही क पासून प पर्यंत याच वाटेने येते. याच खलील यांनी छंदशास्त्र, म्हणजे अरूज, बांधलं. त्यांचे शागीर्द सीबवैह यांनी अक्षरांचे सोळा मखरज, म्हणजे उच्चारस्थानं, सांगितली. मदरशात तजवीद शिकलेल्या पोराला मखरज हा शब्द चांगला ठाऊक असतो. आणि सीबवैह मूळचे इराणी होते. अरबीचं सर्वांत मोठं व्याकरण लिहिणाऱ्याची मातृभाषा अरबी नव्हती!

आता आपल्या घरात डोकावू. दखनी बोलणारा ‘क़लम’ला ‘ख़लम’ म्हणतो, ‘क़ीमत’ला ‘ख़ीमत’. उत्तरेतला उर्दूवाला हसतो, आणि आपल्यातलेच शिकलेले लोक त्याच्यासोबत हसतात. पण हा बदल मनाला येईल तसा होत नाही. तो ठरलेल्या जागी होतो. क़ आणि ख़ यांची उच्चारस्थानं शेजारी-शेजारी आहेत, आणि दखनीने एकाच्या जागी दुसरा नियमाने बसवला. याला तलफ्फुज बिघडणं म्हणत नाहीत, ही दखनीची ध्वनिव्यवस्था आहे. मराठीतही असंच पाहा. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ लिहायला सारखे, पण मराठी कान त्यांत गल्लत करत नाही. त्यातला पहिला फारसीच्या वाटेने आला आणि मराठी उच्चाराचा होऊन गेला.

कानाला हे कळतं, कारण तो लहानपणीच घडतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांच्या 1984 च्या प्रयोगात इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट वेगळा ओळखत होती. वर्षाची होईपर्यंत त्यांची ही क्षमता बरीच ओसरली. म्हणजे ज्या वयात मूल धड ‘अम्मी’ही म्हणत नाही, त्या वयात घरातली भाषा त्याचा कान घडवत असते. मग घरी दखनी ऐकून वाढलेल्या पोराने वर्गात ‘ळ’चा ‘ल’ केला, तर मास्तरांनी त्याच्या बुद्धीवर आणि निष्ठेवर शंका का घ्यावी?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचं ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षण केलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की आपल्या विद्यापीठांनी याच्या पुढे जावं. भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संगणक आणि कायदा या विभागांनी मिळून कोकणी मुसलमानांची बोली, मराठवाड्यातली दखनी, आणि या घरांत बोलली जाणारी मराठी ऐकावी. फोनवरचा लहजा ऐकून कोणाला घर मिळतं नि कोणाला नाही, हेही मोजावं. उद्या बोलणं ऐकून काम करणारी यंत्रं बँकेत आणि दवाखान्यात बसतील. ज्यांचे आवाज त्यांना शिकवलेच नाहीत, त्यांचं बोलणं त्यांना कळणार कसं? आणि आपल्या लोकांनीही एक करावं: दारात कोणी ध्वनिमुद्रण करायला आलं, तर ‘आमची भाषा शुद्ध नाही’ म्हणून त्याला परत पाठवू नये. घरात बोलतो तसंच बोलावं.