व्हिडिओ गेममधून ‘शिफ्ट’ का गेली? बेसबॉलच्या एका बंदीचं विश्लेषण

‘एमएलबी द शो’ या बेसबॉलच्या व्हिडिओ गेमचा २०२२चा भाग आणि २०२३चा भाग लागोपाठ खेळून पाहिले, तर एक फरक पटकन लक्षात येतो. जुन्या भागात डावखुरा बॅटर समोर आला की पिच टाकण्याआधी मेनू उघडायचा, फिल्डर सरकवायचे आणि मैदानाची उजवी बाजू माणसांनी भरून टाकायची. नव्या भागात ही सोय राहिली नाही. हा गेम २८ मार्च २०२३ला बाजारात आला. त्यानंतर दोनच दिवसांनी अमेरिकेत मेजर लीग बेसबॉलचा हंगाम सुरू झाला, तो या डावपेचावरच्या निर्बंधासह. लीगने नियम बदलला आणि सोनीच्या सॅन डिएगो स्टुडिओने तो गेममध्ये उतरवला.

आता हे तुम्ही का वाचायचं? एक तर २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटसोबत बेसबॉलही परततोय आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं ते ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतच, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात. दुसरं म्हणजे, एखादी चाल ‘फारच हुशार’ आहे म्हणून बंद करायची का, हा प्रश्न क्रिकेटवाल्यांनाही नवा नाही.

शिफ्ट म्हणजे नेमकं काय?

बेसबॉलचं मैदान पंख्यासारखं उघडत जातं. खालच्या टोकाला बॅटर. त्याच्या उजवीकडे फर्स्ट बेस, सरळ समोर सेकंड, डावीकडे थर्ड. या बेसच्या आसपास चार इनफिल्डर असतात आणि त्यांच्या मागे लांबवर तीन आउटफिल्डर. नेहमीच्या मांडणीत सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर उभे राहतात.

पण प्रत्येक बॅटर सगळीकडे सारखा मारत नाही. ताकदीने मारणारा डावखुरा बॅटर बहुतेक जमिनीलगतचे फटके उजवीकडे ओढतो. मग तिसरा इनफिल्डरही उजवीकडे आणून उभा केला तर? समजा, अशा बॅटरच्या दहा सरपटी फटक्यांपैकी आठ उजवीकडे जातात. डावीकडे जाणाऱ्या दोनांसाठी दोन माणसं अडकवून ठेवणं हिशेबात बसत नाही. शिफ्टमागचा सगळा विचार एवढाच.

ही चाल डावखुऱ्यांवरच जास्त का वापरली गेली, यालाही साधं कारण आहे. बॅटरला बाद करायला चेंडू त्याच्या आधी फर्स्ट बेसवर पोहोचावा लागतो. फर्स्ट बेस उजवीकडे असल्यामुळे त्या बाजूचा फिल्डर पार मागे गवतावर उभा राहिला तरी त्याला फेकायचं अंतर कमी पडतं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे फटके डावीकडे जातात. तिथून फेक लांबची आणि ती घ्यायला फर्स्ट बेसजवळ कुणीतरी थांबावंच लागतं.

चाल जुनी आहे. १४ जुलै १९४६ला बोस्टनच्या टेड विल्यम्सने एकाच दिवसातल्या दोन सामन्यांपैकी पहिल्यात तीन होमरन मारले. क्लीव्हलँडचा खेळाडू-मॅनेजर लू बुद्रोने दुसऱ्या सामन्यात जवळपास सगळा संघ उजवीकडे नेला आणि डाव्या बाजूला फक्त लेफ्ट फिल्डर ठेवला. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये सेंट लुईसनेही विल्यम्सपुढे शिफ्ट लावली. संपूर्ण हंगामात .३४२च्या सरासरीने मारणारा हा माणूस तिथे २५ संधींत फक्त पाच हिट काढू शकला. (बेसबॉलची सरासरी हजारात मोजतात. .३४२ म्हणजे हजार संधींत ३४२ हिट.)

पुढे कित्येक वर्षं ही चाल ठरावीक बॅटरपुरतीच राहिली. २००६च्या सुमारास टॅम्पा बेचे मॅनेजर जो मॅडन यांनी डेव्हिड ऑर्टिझसारख्यांपुढे ती पुन्हा जोरात आणली आणि मग प्रत्येक फटक्याची नोंद ठेवणारं कॅमेऱ्यांचं तंत्रज्ञान आलं. अंदाजाची जागा नकाशाने घेतली. २०२२पर्यंत साधारण एक तृतीयांश वेळा शिफ्ट लागत होती. डावखुऱ्यांसमोर तर निम्म्याहून जास्त वेळा.

‘मग रिकाम्या जागेत मारा की!’

शिफ्टवर बंदी नको म्हणणाऱ्यांचा हा सगळ्यात आवडता मुद्दा. अख्खी डावी बाजू मोकळी आहे, तिकडे ढकला चेंडू. ऐकायला बिनतोड वाटतो. तो किती खरा आहे, हे समजायला व्हिडिओ गेमसारखी दुसरी जागा नाही.

‘द शो’मध्ये बॅटिंगचे तीन प्रकार आहेत. एकात फक्त बटण दाबायची वेळ साधायची. दुसऱ्यात फटक्याची दिशा आधीच सुचवता येते. तिसऱ्यात चेंडू जिथे येईल तिथे स्टिकने निशाण न्यायचं आणि मग स्विंग करायचा. वेळेचा नियम खऱ्या बेसबॉलसारखाच आहे: लवकर फिरवलं की चेंडू ओढला जातो, उशीर झाला की विरुद्ध बाजूला जातो. समोर कॉम्प्युटर असेल तर तो त्या खेळाडूच्या स्वभावाप्रमाणे खेळतो. म्हणून जुन्या भागांत त्याच्याविरुद्ध शिफ्ट सुरक्षित वाटायची.

ऑनलाइन माणसाशी खेळताना गणित बदलतं. पडद्यावर बॅटर कुणीही असो, बटण दाबणारा बोरिवलीचा किंवा बोस्टनचा कुणीतरी असतो आणि त्याच्या सवयी त्या खेळाडूच्या नकाशात नोंदलेल्या नसतात. त्याला डावी बाजू रिकामी दिसते. तो जरा उशिरा स्विंग करतो किंवा सरळ बंट करतो, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू थर्ड बेसच्या दिशेने टपकवतो. हुकलं तर पुढची पिच आहेच. नोकरी जात नाही, कुणी शिट्ट्या मारत नाही.

खऱ्या मैदानात पिचर १८.४४ मीटरवर असतो. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. शिवाय शिफ्ट लावलेला पिचर चेंडू मुद्दाम बॅटरच्या अंगाजवळ टाकतो, कारण आतला चेंडू विरुद्ध बाजूला ढकलणं सर्वांत अवघड. गेममध्ये अंगठ्याने साधता येणारी गोष्ट तिथे आयुष्यभर घोटवलेला स्विंग मोडून करावी लागते. आणि हा स्विंग होमरनसाठी बांधलेला असतो. संघ त्याचेच पैसे देतात. म्हणूनच ‘रिकाम्या जागेत मारा’ हा सल्ला मला थोडा सोफ्यावर बसून दिलेला वाटतो.

बंदी आली कशी?

९ सप्टेंबर २०२२ला लीगच्या स्पर्धा समितीने नियम मंजूर केला. पिचर जागेवर उभा असताना सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर हवेत आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या बाहेरच्या हद्दीच्या आत हवेत, मागच्या गवतावर नाहीत. समितीत सहा मालक, चार खेळाडू आणि एक अंपायर होते. खेळाडूंच्या प्रतिनिधींनी विरोधात मत दिलं, तरी बहुमत मालकांचंच होतं.

क्रिकेटमध्येही असं झालं आहे. १९३२-३३च्या बॉडीलाइन मालिकेत इंग्लंडने लेग साइडला क्षेत्ररक्षकांचा घोळका उभा करून अंगावर गोलंदाजी केली. पुढे लेग साइडला स्क्वेअरच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचा नियम आला. फरक असा की तिथे बॅट्समनच्या बरगड्यांचा प्रश्न होता, इथे टीव्हीवरच्या कंटाळ्याचा.

कंटाळा खोटा नव्हता. २०२२ची लीगची सरासरी .२४३ होती, १९६८नंतरची सर्वांत कमी. बंदीनंतर २०२३मध्ये ती .२४८ झाली. २०२४मध्ये? पुन्हा .२४३.

त्याच दिवशी मंजूर झालेल्या दुसऱ्या नियमांशी तुलना करा. पिच टाकायला घड्याळ लावलं आणि सामन्याची सरासरी वेळ ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. बेसचा आकार वाढला, पिचरच्या हालचालींवर मर्यादा आली आणि चोरलेल्या बेसची संख्या २,४८६वरून ३,५०३वर गेली. हे परिणाम कुणालाही दिसतात. शिफ्टबंदीचा परिणाम मात्र भिंगातून शोधावा लागतो. काही जणांना तो लाभला असेल. टेक्सासचा डावखुरा कोरी सीगर २०२२च्या .२४५वरून २०२३मध्ये .३२७वर पोहोचला. पण ज्याचं नाव या वादात सर्वांत जास्त घेतलं गेलं तो जोई गॅलो .१६०वरून फक्त .१७७वर सरकला. त्याची अडचण फिल्डर नव्हतेच, चेंडू बॅटलाच लागत नव्हता. लीगची अडचणही तीच आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यात साधारण सातपैकी एक बॅटर स्ट्राइकआउट होत असे, आता साडेचारपैकी एक होतो. जो चेंडू मैदानात जातच नाही, त्याला फिल्डर कुठे उभा आहे याने काय फरक पडतो?

मग गेममध्ये आता उरलं काय?

बरंच काही. नियम सेकंड बेसची रेषा ओलांडू देत नाही, रेषेला खेटून उभं राहायला मना करत नाही. खऱ्या लीगमध्ये शॉर्टस्टॉप आता सेकंड बेसच्या डावीकडे एक पाऊल ठेवूनच उभा दिसतो. गेममध्येही ताकदवान डावखुऱ्यासमोर असंच सरकता येतं. मात्र नुसतं सरकून उपयोग नाही, पिचही तशी हवी. खाली पडणारा हळू चेंडू टाकला की समोरचा लवकर फिरवतो आणि सरपटी फटका उजवीकडे येतो. उंच, वेगवान चेंडूवर त्याला उशीर होतो आणि चेंडू नेमका आपण मोकळ्या सोडलेल्या बाजूला जातो. फिल्डर उजवीकडे आणि पिच बाहेरच्या कोपऱ्यात, अशी मांडणी केली तर स्वतःचीच चाल स्वतः मोडल्यासारखं होतं.

बेसवर रनर असतील तर आधी त्यांच्याकडे बघायचं. थर्ड बेसवर रनर आहे, सामना बरोबरीत आहे आणि शेवटची इनिंग चालू आहे, अशा वेळी इनफिल्ड पुढे आणणंच बरोबर. तेव्हा बॅटरचा नकाशा दुय्यम ठरतो.

ज्यांना १९४६सारखी मांडणी करायचीच आहे, त्यांच्यासाठी ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ हा मॅनेजरगिरीचा गेम आहे. त्यात जुने हंगामही चालवता येतात आणि प्रत्येक बॅटर फटके किती ओढतो, हेही लिहिलेलं असतं.

आणि खऱ्या मैदानात? तिथे आउटफिल्डरवर बंधन नाही. फेब्रुवारी २०२३मध्ये, नियम लागू होऊन काही दिवसही झाले नव्हते, तेव्हा बोस्टनने सराव सामन्यात गॅलोसमोर आउटफिल्डमधला एक माणूस उचलून उजवीकडे इनफिल्डच्या मागे आणून उभा केला. मागे उरले दोनच आउटफिल्डर. नियमात हे बसत होतं.